बाकीचे सात

आमच्या खानापूर भागात माणूस आधी धंद्यावरून ओळखला जातो आणि मग नावावरून. कौलांच्या कारखान्यातला, लाकडाच्या वखारीतला, रेल्वेतला असे काहीतरी सांगितले की समोरच्याला पुरते. माझी मात्र ह्या बाबतीत नेहमी पंचाईत होते. 'तुम्ही नेमके काय करता?' असे कुणी विचारले की मी सांगतो, 'दिवे लावतो आणि विझवतो.' ऐकणाऱ्याला वाटते, वीज खात्यात लाइनमन असावा. पण खरोखरच माझा धंदा तेवढाच आहे. संगणकाने सांगितले की एक दिवा, एक मोटर, एक व्हॉल्व्ह चालू व्हावा आणि सांगितले की बंद व्हावा, एवढी व्यवस्था करण्यात माझी तीस वर्षे गेली आणि घरची चूलही त्यावरच पेटली.

बेळगावची उद्यमबाग वाचकांना ठाऊक असेलच. खानापूर रस्त्याला लागून असलेल्या ह्या वसाहतीत ओतकामाचे, यंत्रांच्या सुट्या भागांचे आणि हायड्रॉलिक सामानाचे कारखाने आहेत. खानापूरहून बेळगाव सव्वीस किलोमीटर. सकाळी डबा घेऊन निघणारी आणि दिवेलागणीला परतणारी माणसे आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. १९९० नंतरच्या काळात ह्या कारखान्यांतून संगणक शिरू लागला. आधी तो ऑफिसात पगारपत्रके छापायला आला आणि मग हळूच यंत्रांच्या शेजारी, तेलाच्या आणि लोखंडाच्या किसाच्या वासात येऊन बसला.

संगणकाला एकट्याला हातपाय नसतात. ते त्याला एका कार्डाने मिळतात. वीतभर लांबीचे हे हिरवे कार्ड संगणकाच्या पोटातल्या खाचेत बसवायचे. त्याला डेटा अ‍ॅक्विझिशन कार्ड म्हणतात. दाब, तापमान अशा गोष्टींची मोजमापे आत घेऊन त्यांचे आकडे करणे हे त्याचे एक काम. आणि संगणकाचा हुकूम आला की एखादी तार चालू किंवा बंद करणे हे दुसरे. तारेवर पाच व्होल्टच्या आसपास वीज असली की ती 'एक', नसली की 'शून्य'. ती तार रिलेला हलवते, रिले व्हॉल्व्हच्या कॉइलला वीज देतो, आणि मग टनभर ताकदीचा सिलिंडर मुकाट्याने पुढे सरकतो. अशा एकेका तारेच्या अवस्थेला बिट म्हणतात.

इथे एक गंमत आहे. घरातल्या बोर्डावर आठ बटणे आहेत असे समजा. स्वयंपाकघरातला दिवा लावायचा तर आपण तेवढे एक बटण दाबतो. देवघरातल्या दिव्याला त्याची दखलही नसते. कार्डावर अशी सुटी बटणे बहुधा नसतात. तिथे एक पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर आठही दिव्यांची यादी एकदम पाठवावी लागते. यादीत ज्याचे नाव आले तो लागला, ज्याचे आले नाही तो विझला. 'स्वयंपाकघरातला लाव' एवढेच लिहून पाठवलेत तर तो लागेल खरा, पण देवघर, ओसरी, गोठा सगळीकडे काळोख होईल. कार्डाचा त्यात काही दोष नाही. तुम्ही पाठवलेली यादी त्याने तंतोतंत पाळली.

ही यादी म्हणजे एक संख्या असते. पहिल्या तारेची किंमत १, दुसरीची २, मग ४, ८, १६, ३२, ६४ आणि आठवीची १२८. ज्या चालू ठेवायच्या त्यांच्या किमतींची बेरीज करून पाठवायची. आठही चालू म्हणजे २५५. तेव्हा एकाला हात लावायचा तर बाकीचे सात ह्या घटकेला काय करीत आहेत ते आधी ठाऊक असले पाहिजे. ते ठाऊक असले की पुढचे काम सोपे आहे. जॉर्ज बूल ह्या इंग्रज गणितज्ञाने १८५४ साली विचारांच्या नियमांवर पुस्तक लिहिले, त्यातल्या 'आणि' व 'किंवा' ह्या दोन शब्दांवर आमचा सगळा संसार चालतो. पाचवी तार चालू करायची तर जुन्या संख्येची १६ शी 'ऑर' करायची. बंद करायची तर २३९ शी 'अँड' करायची. पाचवी तेवढी बदलते, बाकीच्या होत्या तशाच राहतात.

ही काळजी कारखान्यातच घ्यावी लागते असे नाही. १९८१ साली आयबीएमने काढलेल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये इंटेलची ८२५५ नावाची चाळीस पायांची चिप होती. संगणकाच्या भोंग्यातून आवाज काढायचा तर ९७ क्रमांकाच्या पत्त्यावरचे खालचे दोन बिट चालू करायचे. पण त्याच पत्त्यावरचा दुसरा एक बिट कीबोर्डचा होता. घाईघाईने नुसता ३ लिहून मोकळे झालात तर भोंगा वाजे, पण कीबोर्ड मुका होई. म्हणून आधी जुनी संख्या वाचायची, तिची ३ शी ऑर करायची आणि मग लिहायची. हा पाठ आम्ही सगळ्यांनी त्या भोंग्यावर गिरवला. तिथे चुकले तर फार तर मशीन बंद करून पुन्हा चालू करावे लागे. कारखान्यात मात्र त्या आठ तारांच्या पलीकडे माणसे उभी असतात.

आमच्या गल्लीत राहणारे एकजण उद्यमबागेतल्या एका कारखान्यात होते. वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. सगळी गल्ली त्यांना तात्या म्हणते, म्हणून मीही. त्या कारखान्यात हायड्रॉलिक सिलिंडर तयार होत आणि बाहेर जाण्यापूर्वी प्रत्येकाची दाबाची चाचणी होई. चाचणीच्या टेबलाला दूरच्या शहरातल्या एका पुरवठादाराने संगणक जोडून दिला होता. पहिल्या तारेवर पंप, दुसरीवर सिलिंडर आवळून धरणारी पकड, तिसरीवर दाबाचा व्हॉल्व्ह, पाचवीवर पिवळा दिवा. दाब स्थिर झाला की पिवळा दिवा लागे. तो लागला की फडक्याने जोड पुसायचा आणि तेल झिरपते का ते बघायचे, अशी कारखान्यानेच घालून दिलेली पद्धत होती.

काही महिने सगळे सुरळीत चालले. मग एका दुपारी पिवळा दिवा लागला, तात्यांनी फडके पुढे केले, आणि त्याच क्षणी पकड सुटली. दाबाखाली असलेला सिलिंडर उसळला. तात्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचे वरचे पेर गेले.

दवाखाना झाला, ईएसआयकडून नियमाप्रमाणे मिळायचे ते मिळाले. पण अपघाताच्या नोंदीत कारण म्हणून 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले गेले. बोट गेल्याबद्दल तात्या फारसे बोलत नसत. तो शब्द मात्र त्यांना लागला होता. सव्वीस वर्षे यंत्रावर काढलेला माणूस. एकदा ओसरीवर बसलो असता मला म्हणाले, "बोट काय रे, नऊ हाईत अजून. पण मी पकडीच्या बटणाला हातच लावला न्हवता. मग ती सुटली कशी, तेवढं सांग की."

पुरवठादाराचे म्हणणे असे, की प्रोग्राम चुकीचा असता तर पहिल्याच दिवशी बिघडला असता. इतके महिने चालला, त्या अर्थी माणसाने काहीतरी दाबले असणार. हे म्हणणे वरवर बिनतोड होते. पण मालक समंजस होते, आणि त्याच टेबलावर दुसरा माणूस उभा करायला त्यांचेही मन घेत नव्हते. त्यांनी मला बोलावले.

प्रोग्राम वाचायला अर्धा तास पुरला. लिहिणारा अडाणी नव्हता. बाकीच्या सातांची काळजी घ्यायची असते हे त्याला माहीत होते. दिवा लावण्यापूर्वी तो कार्डाच्या पत्त्यावरून संख्या वाचत होता, तिची १६ शी ऑर करीत होता आणि परत लिहीत होता. सगळे पुस्तकाप्रमाणे. अडचण अशी, की काही कार्डांवर एकाच पत्त्याला दोन दारे असतात. त्या पत्त्यावर लिहिले तर ते बाहेर जाणाऱ्या तारांवर जाते. पण वाचले तर जे हाती येते ते बाहेरून आत येणाऱ्या तारांचे असते. आपण काय पाठवले होते ते कार्ड सांगतच नाही; बाहेरून काय आले तेवढेच सांगते. आपल्याच पत्राची नक्कल मागावी आणि पोस्टमनने त्या पत्त्यावर आलेले दुसऱ्याचे पत्र हातात ठेवावे, तसा हा प्रकार.

मग इतके महिने चालले कसे? त्याचेही उत्तर तारांत सापडले. जोडणी करणाऱ्याने सोयीसाठी आत येणाऱ्या तारा बाहेर जाणाऱ्यांच्याच क्रमाने लावल्या होत्या. पंप फिरू लागला की त्याची खबर पहिल्या तारेवर, पकड आवळली की तिथल्या लिमिट स्विचची खबर दुसरीवर, दाब आला की तिसरीवर. त्यामुळे आत येणारी संख्या बाहेर पाठवलेल्या संख्येशी बहुधा जुळे. पंप १, पकड २, दाब ४, मिळून सात. सातात सोळा मिळवले की तेवीस. तेवीस लिहिले की दिवा लागतो आणि पकड तशीच राहते. पण त्या दुपारी लिमिट स्विचमध्ये तेल आणि किस जाऊन तो अडकला होता. पकड घट्ट आवळलेली होती, पण तिची खबर येत नव्हती. वाचल्यावर सातऐवजी पाच आले. पाचात सोळा मिळवून एकवीस झाले आणि एकवीस लिहिले गेले. तेवीस आणि एकवीस यांतला दोनाचा फरक म्हणजे ती पकड.

हे कागदावर मांडून कुणाला पटले नसते. म्हणून मालकांच्या समोर टेबल रिकामे ठेवले, दाब काढला आणि लिमिट स्विचची तार सोडवून चाचणी चालवली. दिवा लागला, पकड सुटली. दहा वेळा केले, दहाही वेळा सुटली. तार जोडली, दहाही वेळा धरून राहिली. तात्या हाताला पट्टी बांधून बाजूला उभे होते. खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे त्यानं दिवा लावला आन् दिव्यानं पकड सोडली?" मी म्हटले, "होय तात्या." मालकांनी ऑफिसातून नोंदवही मागवली. कारणाच्या रकान्यातला तो शब्द खोडून तिथे 'यंत्रणेतील दोष' असे लिहिले आणि शेजारी सही केली.

पुढचे काम माझे होते. पहिली गोष्ट, कार्डाला विचारणेच बंद केले. आपण शेवटची कोणती यादी पाठवली ती प्रोग्रामने स्वतःच्या वहीत लिहून ठेवायची, बदल आधी वहीत करायचा आणि मग पूर्ण यादी कार्डाला द्यायची. दुकानदार गिऱ्हाइकाला 'तुझ्याकडे माझे किती?' असे विचारून खाते मांडत नाही, तसेच हे. दुसरी गोष्ट, ह्या वहीला मुनीम एकच. प्रोग्रामच्या दोन भागांनी एकाच वेळी जुनी यादी वाचली आणि आपापला बदल करून एकामागून एक लिहिली, तर दुसऱ्याच्या लिहिण्यात पहिल्याचा बदल पुसला जातो. म्हणून कुणालाही काही बदलायचे असेल तर त्या एकाच मुनिमाकडे जायचे.

तिसरी गोष्ट आरंभाची. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कशी येते-जाते ते सांगायला नको. वीज परत येते तेव्हा प्रोग्राम सुरू व्हायला वेळ लागतो. तोवर तारांनी काय करायचे? ८२५५ सारख्या चिपमध्ये सुरुवातीला सगळ्या तारा आत घेणाऱ्या असतात, म्हणजे बाहेरच्या रिलेच्या दृष्टीने त्या अधांतरी लोंबकळतात. आणि त्यांना बाहेर देणाऱ्या करण्याचा हुकूम दिला की पाठवलेल्या सगळ्या तारा एकदम शून्यावर येतात. म्हणून प्रत्येक तारेला एक रेझिस्टर लावून ती खाली ओढून ठेवली, म्हणजे हुकूम येईपर्यंत सगळे बंद.

पण 'सगळे बंद' म्हणजे सुरक्षित, हेही पकडीच्या बाबतीत खरे नव्हते. वीज गेली आणि पकड सुटली तर पुन्हा तेच. म्हणून तिचा व्हॉल्व्हच बदलला. एका कॉइलने आवळायची, दुसऱ्या कॉइलने सोडायची, आणि दोन्ही बंद असल्या तर आहे तिथेच राहायचे. आठवी तार रिकामी होती, ती ह्या कामी आली. शिवाय सोडणाऱ्या कॉइलच्या वाटेत दाबाचा स्विच घातला. सिलिंडरमध्ये दाब असेपर्यंत संगणकाने कितीही सांगितले तरी त्या कॉइलला वीज पोचायची नाही. माणसाचा हात जिथे जातो तिथला शेवटचा शब्द प्रोग्रामकडे ठेवू नये, असे माझे मत तेव्हापासून पक्के झाले आहे.

सगळ्यात शेवटी आठही तारांवर एकेक छोटा लाल दिवा बसवला. लहानपणी रेल्वेच्या केबिनमध्ये लोखंडी लिव्हरची रांग बघितली होती. कुठला ओढलेला आहे आणि कुठला नाही हे दारातूनच दिसे, आणि एकाच्या विरुद्ध जाणारा दुसरा ओढताच येऊ नये अशी खालून साखळेबंदी असे. तिथे यादी डोळ्यांसमोर उभी असते. संगणकाने ती पोटात लपवली. ती पुन्हा बाहेर काढून कामगाराला दाखवणे हे मला हिशेबातले देणे वाटले.

चिप करणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक होती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. त्याच ८२५५ मध्ये 'सी' नावाच्या आठ तारांपुरती अशी सोय आहे, की एकच तार निवडून चालू किंवा बंद करण्याचा हुकूम देता येतो; बाकीच्या सातांचा उल्लेखही करावा लागत नाही. १९८० साली आलेल्या ८०५१ मध्ये एकेका बिटासाठी स्वतंत्र आज्ञा आहेत. हल्लीच्या अनेक चिपांत तर चालू करण्याचा पत्ता वेगळा आणि बंद करण्याचा वेगळा. तिथे ज्या बिटांच्या जागी शून्य लिहाल त्यांना धक्काच लागत नाही. जे काम आम्ही शिस्तीने करीत होतो ते लोखंडातच घालून दिले, ही मोठी सुधारणा आहे.

माझी पुतणी बेळगावात अभियांत्रिकीला आहे. इटलीत २००५ साली निघालेले आर्दुइनो नावाचे छोटे बोर्ड घेऊन ती सुट्टीत घरी येते. तिला आठांची यादी करावी लागत नाही. 'तेरा नंबर चालू' एवढी एक ओळ लिहिली की काम झाले. तिला वाटे, आमच्या काळातली ही उठाठेव आता इतिहासजमा झाली. मी तिला त्या एका ओळीच्या आतला मजकूर उघडून दाखवला. आत तेच आहे. आधी बाहेरच्या सगळ्या व्यत्ययांना क्षणभर दार बंद करायचे, आठांची जुनी यादी घ्यायची, तीत एकच बदल करायचा, यादी परत ठेवायची आणि दार होते तसे करायचे. कुणीतरी तिच्यासाठी ही काळजी आधीच घेऊन ठेवली आहे. तिने ते वाचले आणि म्हणाली, "काका, म्हणजे हे दिसत नाही एवढंच."

तात्या आता निवृत्त होऊन घरीच असतात. मलप्रभेकाठी थोडी भातशेती आहे, ती बघतात. मागच्या मे महिन्यात पुतणीने त्यांच्या विहिरीवरचा पंप मोबाइलवरून चालू-बंद करायची व्यवस्था करून दिली. त्याच बोर्डावर गोठ्यातला दिवाही जोडला. सगळे झाल्यावर तिने फोन त्यांच्या हातात दिला आणि कुठे दाबायचे ते दाखवले. तात्यांनी लगेच दाबले नाही. ते आधी गोठ्यापाशी गेले, दिवा लागलेला आहे हे बघून आले आणि तिला म्हणाले, "पोरी, मी पंप बंद केला की हा दिवा तसाच ऱ्हायील न्हवं?"

"राहील आजोबा," ती म्हणाली, "बघा की."

त्यांनी दाबले. पंप थांबला. मग ते तिथेच उभे राहून बराच वेळ दिव्याकडे बघत राहिले.